मांजराला तापाची गोळी किती द्यायची?

चिपळूणला माझं मेडिकलचं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी काउंटरवर कोपर टेकून, आजूबाजूला कोणी नाही बघून विचारतं, "काका, मांजराला ताप आहे. गोळी अर्धी देऊ की पाव?" मांजरासाठी औषध मागताना माणसं अजून थोडी लाजतात. मी हसत नाही. उलट विचारतो, "आधीच दिलीत का? कधी? किती?"

हे विचारायला मी शिकलो ते आमच्या मनीपायी. दुकान नवीन होतं, पावसाळा होता, मनी दोन दिवस पडवीत मलूल पडून होती. कान हाताला गरम लागले. मी फार्मसी शिकलेला माणूस. तान्ह्या बाळाचा हिशोब मनात धरला आणि पॅरासिटामॉलच्या 500 च्या गोळीचा पाव तुकडा मधात कालवून चाटवला. रात्री पुन्हा पाव. पहाटे तिचं तोंड आणि पुढचे पंजे सुजलेले, हिरड्या कोऱ्या चहाच्या रंगाच्या, आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. मांजर सहसा कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत नाही. टाकायला लागलं की गोष्ट हाताबाहेर चाललेली असते. दहा वाजता डॉक्टरांनी रक्त काढलं तर तेही तपकिरी. दुपारी ती गेली.

पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायला यकृतात जे लागतं ते मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतं. औषधाचं विष होतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. म्हणजे माझ्या मांजराला ताप होता की नव्हता हे मला माहीतच नव्हतं आणि मी औषध दिलं. म्हणून इथे सुरुवात थर्मामीटरपासून.

आधी बघायचं कसं

नाक कोरडं म्हणजे ताप, कान गरम म्हणजे ताप, हे दोन्ही विसरा. उन्हात झोपलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, जनावरासाठी वेगळा ठेवा, त्यावर मार्करने खूण करा (आमच्याकडे खूण करायची राहिली होती, त्याची कथा नको). टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात इंचभर, लहान पिल्लाला अर्धा इंच. एकाने पुढून धरायचं, बोलत राहायचं, दुसऱ्याने शेपूट उचलायची. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. आपल्या 98.6 च्या हिशोबाने 102 बघून घाबरू नका. 103 च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. 99 च्या खाली आलं तर फोन करत बसू नका, उचला आणि निघा. आजारी जनावर गार पडणं हे तापापेक्षा वाईट.

मग हिरड्या. वरचा ओठ उचला, हिरडीवर बोट दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. फिकट, पिवळ्या, निळसर किंवा तपकिरी हिरड्या हे कुठल्याही रिपोर्टाआधीचं उत्तर आहे. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. शिवाय मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

आणि झोपेतला श्वास मोजा. छाती वरखाली झाली की एक. मिनिटाला तीसच्या आत असावा. जनावर धडधाकट असताना हे सगळं दोन-चार वेळा करून वहीत लिहून ठेवा, म्हणजे आजारपणी तुलना करायला काहीतरी हाताशी असतं.

गोचीड

कोकणात कुत्रा पाळायचा म्हणजे गोचिडीशी संसार. घर जांभ्याच्या चिऱ्यांचं असेल तर बघायलाच नको. चिऱ्याला जी भोकं असतात त्यांत, पडवीच्या फटींत, कुत्र्याच्या गोणपाटाखाली गोचिडी बसून असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंत चढते आणि अशाच एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही. कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या, खरी वस्ती भिंतीत असते.

आमच्या काळ्याला 2018 च्या ऑक्टोबरात गोचीड ताप झाला. पहिले चार दिवस काय दिसलं? जेवण अर्धं टाकलं. गेटवर ओरडायला उठला नाही. बायको म्हणाली, "म्हातारा झालाय." पाच वर्षांचा होता. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या गोणपाटावर रक्ताचे थेंब दिसले, म्हणून पंजे तपासले, तोंड तपासलं. शेवटी कळलं की नाकपुडीतून येतंय. पोटावर, जिथे केस विरळ असतात तिथे, डास चावल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. हिरड्या फिक्या. रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजार. कुत्र्याला साधारण दोन लाखांच्या वर हव्यात.

हे काम एर्लिकिया नावाच्या जंतूचं. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि ते साधारण 28 दिवस द्यावं लागतं. इथे माझ्या काउंटरचा अनुभव सांगतो: लोक चिठ्ठी आणतात, त्यावर महिनाभराचं औषध असतं, ते दहा गोळ्यांची एक पट्टी नेतात आणि परत येत नाहीत. कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा उठून जेवायला लागतो. जंतू मात्र आत दबा धरून राहतो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, हाडातल्या मगजावर घाव घालतो. तेव्हा पट्टी पुरत नाही.

दुसरं. मित्राच्या कुत्र्याला डॉक्सी लागू पडली म्हणून आपल्यालाही तीच द्या, असं म्हणणारे रोज भेटतात. गोचिडीतून बबेसिया नावाचा दुसराही जीव येतो. तो तांबड्या पेशी फोडतो, लघवी कॉफीसारखी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात. त्याची औषधं वेगळी. नुसत्या डॉक्सीने तो जात नाही. कधी दोन्ही एकत्र असतात. कुठला आहे हे काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघावं लागतं, आणि त्यातही न सापडला तर पुढची तपासणी. म्हणून पहिला खर्च रक्तावर करा, गोळीवर नंतर.

गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीच्या अगदी लगत धरून, सरळ ओढून. पिळायची नाही, काडी लावायची नाही, रॉकेल ओतायचं नाही. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका. नखाने फोडू नका, तिच्यातल्या रक्तात हेच जंतू असू शकतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघितल्याशिवाय "नाहीत" म्हणू नका.

हल्ली महिन्याला एक किंवा तीन महिन्यांना एक अशी खायची गोळी मिळते; कुत्र्याला चावलेली गोचीड तिच्यामुळे मरते. वजनावर मात्रा असते, आणि ज्या कुत्र्याला फिट येते त्याच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. बरोबरीने घर: गोणपाट उन्हात, पडवीच्या फटी सिमेंटने बुजवा, चिऱ्यांची भोकं भरून घ्या. आम्ही एका मे महिन्यात अख्ख्या पडवीला गिलावा केला. दिसायला जांभा छान दिसतो हे खरं, पण पुढच्या पावसात गोचिडी निम्म्याहून कमी झाल्या.

एक धोक्याची गोष्ट. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन असतं. ते मांजराला झटके आणून मारतं. घरात दोन्ही असतील आणि मांजर कुत्र्याला बिलगून झोपत असेल तर कुत्र्यालाही ते नको. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचा, नाहीतर दुकानदाराला वाचायला लावा.

पिल्लांचा पार्वो आणि लसीचं गणित

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू. सकाळी खेळत होतं, संध्याकाळी कोपऱ्यात. उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण, आणि तो वास. एकदा घेतलात की विसरणार नाही. हा पार्वो. विषाणूला मारणारं औषध सर्रास मिळत नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक यांवर पाच-सात दिवस पिल्लाला तगवायचं असतं. उलटी चालू असताना घरी दहीभात, ताक, साखर-मिठाचं पाणी तोंडात ओतू नका. पोटात राहत नाही, आणि अशक्त पिल्लाच्या श्वासनळीत गेलं तर दुसरं दुखणं.

"लस दिली होती, तरी कसा झाला?" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांनी एकच डोस दिलेला असतो. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती लसीलाही शत्रू समजून संपवते. ती कधी उतरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळा आठवडे झाल्यावर. मग वर्षाने. त्या शेवटच्या डोसाच्या आत पिल्लाला रस्त्यावर, समुद्रावर, पाहुण्यांकडे मिरवू नका. पार्वो मातीत महिनोन् महिने टिकतो. फिनाईलने मरत नाही. कपड्यांचं पातळ ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. अंगणातल्या मातीला हेही पुरत नाही, म्हणून पार्वोने पिल्लू गेलेल्या घरात नवीन आणायचं तर लसी पूर्ण झालेलंच आणा.

आणि लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. लस नेताना मी बर्फाच्या थर्मासशिवाय देत नाही. "इथेच तर जायचंय" म्हणून शर्टाच्या खिशात टाकणाऱ्यांशी माझी भांडणं झाली आहेत.

डिस्टेंपर या दुसऱ्या रोगापासूनचं संरक्षणही त्याच लसीत येतं. डोळ्या-नाकातून घट्ट पू, खोकला, तळवे टणक होणं, आणि मग चघळल्यासारखा जबडा हलत राहणं. तो तिथपर्यंत पोचला की फारसं काही हातात उरत नाही.

पुरानंतरचा काळ्या

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. औषधांची खोकी तरंगत होती. काळ्या त्या पाण्यातून पोहत जिना चढला. लॉकडाउनच्या गडबडीत त्याची वर्षाची लस मी चुकवली होती. आज देऊ, उद्या देऊ. पंधराएक दिवसांनी त्याने अन्न टाकलं, उलट्या झाल्या, मागचे पाय उचलताना कण्हू लागला, आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. लेप्टो. उंदराच्या मुतातून पाण्यात, पाण्यातून जखमेवाटे किंवा डोळ्या-तोंडावाटे अंगात. तो यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धरतो. दहा दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक. वाचला, पण लघवीची तपासणी त्यानंतर नेहमीची झाली.

हा रोग कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. त्याची जागा धुताना हातमोजे, पायात गमबूट, आणि घरात कुणालाही ताप आला तर आपल्या डॉक्टरांना "घरच्या कुत्र्याला लेप्टो आहे" हे पहिलं वाक्य म्हणून सांगा. लसीतला लेप्टोचा भाग जेमतेम वर्षभर पुरतो. मे महिन्यात द्या, पावसाच्या तोंडावर.

बोका कुंथतोय

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ पोट साफ व्हायचं औषध मागायला आले. बोक्यासाठी. सकाळपासून रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, काही होत नाही. मी विचारलं, "रेती ओली झाली का?" त्यांना सांगता येईना. घरी फोन लावला, रेती कोरडी. म्हटलं, औषध राहू दे, रिक्षा करा.

बोक्याची मूत्रनलिका बारीक असते. खड्यांच्या चुऱ्याने किंवा चिकट बुचाने बंद होते. बद्धकोष्ठ वाटतं, असतं लघवी तुंबणं. एक-दोन दिवसांत विष रक्तात जाऊन हृदय थांबतं. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागेल. तो दाबू नका. डॉक्टर गुंगी देऊन नळी घालतात. त्या बोक्याची नळी तीन दिवस होती. आता तो ओलं अन्न खातो आणि घरात चार ठिकाणी पाण्याची वाडगी आहेत. मांजर मुळात पाणी कमी पितं. नुसते कोरडे दाणे घालाल तर आणखी कमी. खारवलेली सुकट त्याला आवडते हे मान्य, पण रोज नको.

मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर "रुसलंय" म्हणू नका. जाड मांजराच्या तर यकृतात चरबी साठते आणि त्यातून ते सहजी उठत नाही.

कातडी

खरजेच्या कुत्र्याला गॅरेजातलं जळकं ऑइल फासतात. अजून. कुत्रं ते चाटतं, यकृत जातं, आणि खरूज तिथेच. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या, रात्रंदिवस खाज, आणि तुमच्याही हातावर पुरळ, तर ती लागट खरूज. पिल्लाच्या डोळ्याभोवती, तोंडाभोवती केस गेलेत पण फारशी खाज नाही, तर ती दुसऱ्या प्रकारची खरूज. ती लागत नाही. कातडी खरवडून बघितल्यावर नक्की कळतं. गोचिडीची खायची गोळी या दोन्हींवर बहुधा काम करते, तेव्हा डॉक्टरांना तेवढं विचारा.

जखमेत आळ्या पडल्या तर फिनाईल, डांबरगोळीची भुकटी, रॉकेल यांतलं काही नको. भोवतीचे केस कापा, सलाईनने धुवा, दिसतात तेवढ्या चिमट्याने काढा, आणि आतल्या भुयारांसाठी दवाखाना. बाहेर दिसते त्याच्या तिप्पट जखम आत असते.

नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झाला असेल. त्याच दिवशी दाखवा. पू बाहेर येतोय तोवर वाट बघू म्हणणाऱ्यांना सांगतो, बाहेर न येणारा जास्त वाईट.

रेबीज: इथे प्रयोग नाही

पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावत सुटलेला, एवढंच चित्र डोक्यात असतं. काही कुत्रे नुसते कोपऱ्यात बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. माणसाला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो हात घालतो. गाईगुरांतही हीच चूक होते. असा हात कधीच घालू नका.

चावला, ओरबाडलं, जखमेवर लाळ लागली, मांजराची असली तरी: नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग सरकारी दवाखाना. लस स्नायूत असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेला जखमेतच द्यायचं सिरमही लागतं, ते मागून घ्या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण लस सुरू करायला त्या दहा दिवसांची वाट बघू नका. लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही. आपल्या कुत्र्या-मांजराला तिसऱ्या महिन्यात लस, मग वर्षाने, आणि पुढे दरवर्षी.

जंताचं औषध त्या मानाने सोपं: पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला, तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दरमहा, मग तीन महिन्यांनी. शेपटीखाली भाताच्या सुकलेल्या शितासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमी, आणि तो बहुतेक पिसवांमधून येतो. पिसवा घालवल्या नाहीत तर पुन्हा येणार.

गोळी घशाखाली

डॉक्टरांनी दिलेली गोळी कुत्र्याला गुळाच्या खड्यात किंवा पोळीच्या गोळ्यात जाते. आधी एक रिकामा घास, मग गोळीचा, आणि लगेच तिसरा दाखवायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा गिळतो. डॉक्सी दुधातून देऊ नका, नीट लागू पडत नाही.

मांजराला जुन्या टॉवेलात मान सोडून गुंडाळा, पुरणपोळीसारखं नाही, घट्ट. डोकं वरून धरून मागे कलंडवलं की खालचा जबडा आपोआप सैल होतो. गोळी जिभेच्या मुळाशी. आणि लगेच सुई काढलेल्या सिरिंजने पाच मिली पाणी गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने. डॉक्सीची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे व्रण पडतो, पुढे नळी आकसते आणि मांजराला गिळता येत नाही. म्हणून मांजरासाठी डॉक्सी नेणाऱ्याला मी गोळ्यांसोबत एक सिरिंज देतो, तिचे पैसे लावत नाही, आणि पाण्याचं दोनदा सांगतो.